चामखीळ, जननेंद्रियांवरील

जननेंद्रिये, गुदद्वाराभोवतालची त्वचा आणि जांघेचा भाग यांवर मानवी पॅपिलोमा व्हायरसाच्या संसर्गामुळे उद्‌भवणाऱ्या मऊ व बहुधा वेदनारहित वाढीस ‘जननेंद्रियांवरील चामखीळ’ म्हणतात. हिची गणना लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांत होते [→ गुप्तरोग]. ही वाढ कर्करोगी नसते व तिच्यामुळे जीवितास सहसा धोका नसतो. परंतु तिच्यावर लावली जाणारी औषधे प्रबळ असून त्यांचा अयोग्य वापर मूळ रोगापेक्षा अधिक अपाय करू शकतो. यांपैकी काही औषधे वैद्याने स्वतः लावावयाची असतात, तर काही रुग्णाने घरी लावावयाची असतात. दुसऱ्या प्रकारात औषधाची मात्रा, जागा व वेळ सांभाळण्याची जबाबदारी रुग्णावर येते. त्यामुळे अचूक निदान व पहिल्याच भेटीत मिळालेल्या पूर्ण सूचना हा या उपचाराचा पाया होय.

कारण व प्रसार : मानवी पॅपिलोमा व्हायरसाचे शंभराहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. हातापायांवरील सामान्य चामखिळी व जननेंद्रियांवरील चामखिळी वेगवेगळ्या प्रकारांमुळे होतात. जननेंद्रियांवरील चामखिळींपैकी सु. ९० टक्के ६ व ११ या क्रमांकांच्या प्रकारांमुळे होतात. जर्मन व्हायरसवैज्ञानिक हाराल्ड त्सूर हाउझेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या सुमारास हे प्रकार अलग करून दाखविले. पुढे त्यांनीच गर्भाशय ग्रीवेच्या कर्करोगाशी संबंधित असलेले १६ व १८ हे प्रकार शोधून काढले. या कार्याबद्दल त्यांना २००८ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. चामखीळ उत्पन्न करणारे प्रकार आणि कर्करोगास कारणीभूत होणारे प्रकार निराळे असल्याने चामखीळ झाली म्हणजे कर्करोग होणार, ही भीती निराधार आहे. मात्र एकाच व्यक्तीस दोन्ही प्रकारांचा संसर्ग झालेला असू शकतो.

व्हायरस त्वचेतील वा श्लेष्मकलेतील (बुळबुळीत अस्तरातील) सूक्ष्म ओरखड्यांतून आत शिरतो व बाह्यत्वचेच्या तळाच्या कोशिकांत वाढतो. त्यामुळे तेथील कोशिकांचे विभाजन वाढते व त्वचा उंचवट्याच्या रूपाने वर येते. संसर्गानंतर चामखीळ दिसू लागण्यास साधारणपणे काही आठवड्यांपासून काही महिने लागतात व क्वचित त्याहूनही अधिक काळ लोटतो. म्हणून चामखिळीवरून संसर्ग नेमका केव्हा व कोणाकडून झाला, हे ठरविता येत नाही. पतिपत्नींपैकी एकावर त्यावरून दोषारोप करणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे ठरते.

लक्षणे व निदान : चामखिळी एकेकट्या किंवा पुंजक्यांनी येतात. काही चपट्या, काही घुमटाकार, तर काही फुलकोबीच्या फुलासारख्या दिसतात. खाज, ओलसरपणा, घर्षणामुळे होणारा किंचित रक्तस्राव व बाळंतपणाच्या वेळी होणारा अडथळा यांपुरतीच बहुधा तक्रार असते. अनेकांना कोणताही त्रास होत नाही.

निदान मुख्यतः डोळ्यांनी पाहूनच केले जाते; परंतु या भागातील प्रत्येक उंचवटा चामखीळ नसतो. उपदंशाच्या (गर्मीच्या) दुसऱ्या अवस्थेत येणारे चपटे व ओलसर उंचवटे चामखिळीसारखे दिसतात. त्यांवर चामखिळीचे औषध लावल्यास मूळ रोग तसाच राहून शरीरात पसरत जातो, वस्तुतः तो पेनिसिलिनाने बरा होणारा असतो. शिश्नमण्याच्या कडेवरील मोत्यांसारखे बारीक दाणे व स्त्रियांच्या योनिमुखाजवळील सूक्ष्म उंचवटे हे शरीररचनेचे नैसर्गिक भाग असून त्यांना कोणत्याही उपचाराची गरज नसते. उलट रंग बदलणारी, टणक, व्रणयुक्त वा औषधास दाद न देणारी वाढ कर्करोगाची असू शकते. अशा वेळी तिचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आवश्यक असते. म्हणून उपचारापूर्वी प्रत्यक्ष तपासणी आणि उपदंश व एचआयव्ही यांसाठी रक्तपरीक्षा करणे इष्ट असते.

बाह्य औषधांचे स्वरूप : कोणतेही बाह्य औषध शरीरातील व्हायरसाचे समूळ उच्चाटन करीत नाही, ते केवळ दिसणारी वाढ नाहीशी करते. म्हणूनच औषध अधिक प्रमाणात किंवा अधिक वेळा लावल्याने रोग लवकर बरा होईल, ही समजूत फोल आहे. काही चामखिळी उपचाराशिवायही कालांतराने विरून जातात. यामुळे तातडीपेक्षा सुरक्षिततेस अधिक महत्त्व देता येते.

पोडोफायलम राळ : हे या रोगावरील सर्वांत जुने प्रभावी औषध होय. हिमालयाच्या उंच भागात वाढणाऱ्या पोडोफायलम हेक्झँड्रम (हिं. पाप्रा, बनककडी) या ओषधीच्या, तसेच तिच्या अमेरिकेतील भगिनी जातीच्या मूलक्षोडापासून (जमिनीतील खोडापासून) ही राळ मिळते. भारतीय जातीत पोडोफायलोटॉक्सीन या क्रियाशील घटकाचे प्रमाण अमेरिकी जातीपेक्षा जास्त असते. या वनस्पतीची जंगलातून फार तोड झाल्याने तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार करारान्वये नियंत्रित करण्यात आला आहे. अमेरिकेतील आय. डब्ल्यू. कॅप्लन यांनी १९४२ मध्ये जननेंद्रियांवरील चामखिळींवर या राळेचा उपयोग प्रसिद्ध केला. ही राळ कॉल्चिसिनाप्रमाणे कोशिकांचे विभाजन मध्येच थांबविते, असे १९४६ मध्ये दाखविण्यात आले. विभाजन थांबल्याने चामखिळीच्या कोशिका मरतात व ती काही दिवसांत गळून पडते.

हीच क्रिया तिच्या विषारीपणाचेही कारण आहे. राळ त्वचेतून, विशेषतः ओल्या किंवा सोललेल्या पृष्ठभागातून, रक्तात शोषली गेल्यास ओकाऱ्या, भ्रम, तंत्रिकांचा (मज्जांचा) विकार, रक्तकोशिका निर्माण करणाऱ्या अस्थिमज्जेचे अवसादन व बेशुद्धी हे परिणाम होतात. मृत्यूही ओढवल्याच्या नोंदी आहेत. शिवाय राळेतील क्रियाशील घटकांचे प्रमाण प्रत्येक वेळी सारखे नसते. म्हणून ती रुग्णाच्या हाती देत नाहीत. भारताच्या राष्ट्रीय एड्‌स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लोबानाच्या संयुक्त टिंक्चरातील २० टक्के राळ वैद्याने फक्त चामखिळीवर लावावी, भोवतालच्या त्वचेस आधी व्हॅसलिनाचे लेपन करावे, तीन तासांनी औषध धुऊन टाकावे आणि चामखिळी जाईपर्यंत दर आठवड्यास हा उपचार करावा. एका वेळी १० चौ. सेंमी.पेक्षा (सु. सव्वातीन सेंमी. बाजूच्या चौरसापेक्षा) मोठ्या क्षेत्रावर किंवा अर्ध्या मिलि.पेक्षा अधिक औषध लावू नये. ते ओरखडे वा जखमा असलेल्या जागी, तसेच गर्भाशय ग्रीवेवर मुळीच लावू नये.

पोडोफायलोटॉक्सीन : हा राळेतील शुद्ध क्रियाशील घटक होय. त्याची मात्रा निश्चित ठेवता येते. म्हणून तो रुग्णास घरी लावण्यासाठी देता येतो. त्याचा ०·५ टक्के विद्राव दिवसातून दोनदा याप्रमाणे तीन दिवस लावतात व पुढील चार दिवस पूर्ण विश्रांती देतात. असे जास्तीत जास्त चार आठवडे करता येते. विश्रांतीचे चार दिवस हा उपचाराचाच भाग आहे. या दिवसांतही औषध लावत राहिल्यास त्वचा सोलवटते व त्यातून औषध अधिक प्रमाणात शोषले जाते. क्षेत्राची १० चौ. सेंमी. व दिवसाची अर्धा मिलि. ही मर्यादा येथेही लागू आहे. पहिल्या वेळी वैद्याने औषध कोठे व किती लावावयाचे, ते रुग्णास प्रत्यक्ष दाखवावे.

इमिक्विमॉड : हे औषध चामखिळीस थेट जाळत नाही. त्वचेतील प्रतिरक्षा-कोशिकांना उद्दीपित करून ते इंटरफेरॉन व तत्सम द्रव्ये निर्माण करविते आणि शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीकडून चामखिळीचा नाश घडविते. अमेरिकेत १९९७ मध्ये त्यास मान्यता मिळाली. त्याचे ५ टक्के मलम आठवड्यातून तीन वेळा, एकाआड एक रात्री (उदा., सोमवार, बुधवार व शुक्रवार) झोपताना पातळ थरात लावतात, ते अंगात मुरेपर्यंत हळुवार चोळतात आणि ६ ते १० तासांनी साबण व पाण्याने धुऊन टाकतात. चामखिळी जाईपर्यंत, पण १६ आठवड्यांपेक्षा अधिक नाही, असा हा क्रम चालतो. सु. निम्म्या रुग्णांत चामखिळी पूर्णपणे नाहीशा होतात आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक असते. गुण दिसण्यास काही आठवडे लागत असल्याने पहिल्या पंधरवड्यात फरक न पडल्यास औषध वाढविण्याचे कारण नाही.

औषध लावलेल्या जागी लाली, खाज, सूज व पापुद्रे येणे अपेक्षित असते. परंतु त्वचा फाटणे, पाणी सुटणे किंवा लघवीस त्रास होणे ही लक्षणे दिसल्यास औषध धुऊन काही दिवस थांबावे व वैद्यास दाखवावे. काहींना ताप, अंगदुखी व थकवा येतो. बऱ्या झालेल्या जागेचा रंग फिकट किंवा गडद होऊन तसाच राहू शकतो. याची कल्पना रुग्णास आधीच दिलेली असावी, अन्यथा तो डाग नव्या रोगाचे चिन्ह समजला जातो.

इतर औषधे : हिरव्या चहाच्या पानांपासून काढलेल्या कॅटेचिनांचे १५ टक्के मलम दिवसातून तीन वेळा, जास्तीत जास्त १६ आठवडे लावतात, ते धुऊन टाकावे लागत नाही. ट्रायक्लोरोॲसिटिक अम्लाचा ८० ते ९० टक्के तीव्र विद्राव मात्र केवळ वैद्याने लावावा. तो चामखिळीतील प्रथिने गोठवून तिचा नाश करतो. औषध लावताच जागा पांढरी पडते. वेदना असह्य झाल्यास साबण वा खाण्याचा सोडा लावून अम्ल निष्प्रभ करतात. ज्यांना बाह्य औषधांनी गुण येत नाही, त्यांच्या चामखिळी द्रवरूप नायट्रोजनाने गोठवून, विद्युत्-दहनाने वा शस्त्रक्रियेने काढतात.

सुरक्षित वापराचे नियम : रुग्णाने घरी लावावयाच्या सर्व औषधांस पुढील नियम लागू होतात. (१) वैद्याने दाखविलेल्या चामखिळीवरच औषध लावावे; नंतर नवा उंचवटा दिसल्यास तो आधी तपासून घ्यावा. (२) लावण्यापूर्वी व लावल्यानंतर हात साबणाने धुवावेत. हातास लागलेले औषध डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो. (३) ही औषधे योनिमार्ग, गर्भाशय ग्रीवा, मूत्रमार्ग व गुदमार्ग यांच्या आत लावू नयेत. (४) शिश्नमण्यावरील अग्रत्वचेखाली चामखीळ असल्यास त्वचा मागे सारून ती जागा रोज धुवावी. सूज येऊन अग्रत्वचा मागे सरेनाशी झाल्यास औषध बंद करून त्वरित वैद्याकडे जावे. (५) जागेवर हवाबंद पट्टी बांधू नये. सैल सुती कपडे वापरावेत. (६) एखादी पाळी चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट औषध लावू नये. (७) औषध अंगावर असताना समागम टाळावा. इमिक्विमॉड व कॅटेचिने यांच्या मलमांतील स्निग्ध पदार्थांमुळे रबरी निरोध दुबळा होऊन फाटू शकतो. (८) स्वतःचे उरलेले औषध पती, पत्नी वा अन्य कोणास देऊ नये. (९) औषध मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे.

गर्भिणी, मुले व दुर्बल प्रतिकारशक्तीचे रुग्ण : गर्भावस्थेत चामखिळी झपाट्याने वाढतात व त्यांतून सहज रक्त येते, त्यामुळे उपचाराची घाई होण्याचा संभव असतो. परंतु पोडोफायलम राळ व पोडोफायलोटॉक्सीन गर्भास घातक असल्याने या काळात पूर्णपणे वर्ज्य आहेत. कॅटेचिनांचे मलमही वापरत नाहीत. इमिक्विमॉडाविषयीचा अनुभव मर्यादित असल्याने तेही सामान्यतः टाळतात. ट्रायक्लोरोॲसिटिक अम्ल किंवा गोठवण्याची क्रिया यांचा वैद्याच्या हातून उपयोग करता येतो. म्हणून प्रजननक्षम वयातील प्रत्येक स्त्रीस औषध देण्यापूर्वी मासिक पाळीविषयी विचारणे आणि तिने उपचाराच्या काळात गर्भधारणा टाळणे आवश्यक ठरते. प्रसूतीनंतर बहुतेक चामखिळी आकसतात. बाळाच्या स्वरयंत्रात या व्हायरसाच्या गाठी होण्याची शक्यता असते, पण ती इतकी विरळ आहे की केवळ त्यासाठी शस्त्रक्रियेने प्रसूती करीत नाहीत.

लहान मुलांत अशा चामखिळी आढळल्यास त्या लैंगिक अत्याचारामुळेच झाल्या असे गृहीत धरता येत नाही. परंतु ती शक्यता तपासणे वैद्याचे कर्तव्य असते. अत्याचाराचा संशय आल्यास २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये त्याची माहिती पोलिसांस देणे बंधनकारक आहे. एचआयव्ही-बाधितांत चामखिळी मोठ्या व चिवट असतात, त्या पुन्हापुन्हा उद्‌भवतात. म्हणून त्यांच्यावर तज्ञाच्या देखरेखीखालीच उपचार करावेत.

घरगुती उपाय व दुकानातील मलमे : हातावरील चामखिळीस घोड्याचा केस बांधणे, चुना व धुण्याचा सोडा लावणे, बिब्ब्याचे तेल लावणे हे उपाय महाराष्ट्रात रूढ आहेत. जननेंद्रियांची त्वचा फार पातळ असल्याने तेथे हे उपाय केल्यास खोल भाजणे, पू होणे व व्रणामुळे मार्ग आकसणे असे परिणाम होतात. हाता-पायांच्या चामखिळींसाठी व कुरूपासाठी मिळणारी सॅलिसिलिक अम्लाची औषधेही येथे वापरू नयेत.

खाजेवर म्हणून औषधाच्या दुकानात मिळणारी, स्टेरॉइड व कवकनाशक यांची मिश्र मलमे हा आणखी एक धोका आहे. स्टेरॉइडामुळे खाज तात्पुरती थांबते, पण स्थानिक प्रतिकारशक्ती दबते व त्वचा पातळ होते. बाह्य स्टेरॉइडांच्या अशा वापरास आळा घालण्यासाठी भारत सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडे वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत (औषध नियमावलीच्या ‘एच’ परिशिष्टात) आणली.

ग्रामीण भागातील उपचार : या रोगात उपचाराआधीचा मोठा अडथळा संकोच हा असतो. राणी बंग, अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या पाहणीत ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळले. मात्र त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण केवळ ८ टक्के होते. ही पाहणी १९८९ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली व ग्रामीण स्त्रियांच्या न सांगितलेल्या दुखण्यांकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

अंतर हा दुसरा अडथळा होय. वर्धा जिल्ह्याच्या वायव्य भागातील आष्टी हे तालुक्याचे गाव त्याचे उदाहरण म्हणून घेता येईल. जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व सावंगी (मेघे) येथे १९९० मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय ही दोन मोठी केंद्रे आहेत. परंतु ती दोन्ही वर्धा शहराच्या लगत आहेत. कापूस, सोयाबीन व संत्री यांच्या हंगामात आष्टी परिसरातील मजुरास दर आठवड्यास तेथे जावयाचे, तर प्रत्येक वेळी एक दिवसाची रोजी व प्रवासखर्च सोसावा लागतो. घरातील माणसांस कारण सांगणे स्त्रीला त्याहूनही अवघड जाते. साहजिकच दर आठवड्यास वैद्याकडून राळ लावून घेण्याचा क्रम मध्येच सुटतो.

अशा ठिकाणी घरी लावावयाचे औषध अधिक सोयीचे ठरते, पण तेथेच चुकीची किंमतही वाढते. कारण त्वचा सोलवटली, तर विचारावयास जवळ कोणी नसते. म्हणून पहिल्या भेटीत काही गोष्टी झाल्याच पाहिजेत. निदान प्रत्यक्ष तपासणीने व्हावे, स्त्री रुग्णाच्या वेळी स्त्री कर्मचारी उपस्थित असावी, गर्भधारणेविषयी विचारणा व्हावी, औषध लावण्याचे वार मराठीत लिहून द्यावेत, औषध केव्हा थांबवावयाचे ते सांगावे आणि पुढील भेटीची तारीख ठरवावी. राष्ट्रीय एड्‌स नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालये यांत लैंगिक रोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ ही गुप्तता पाळणारी केंद्रे चालविली जातात. गावातील आशा कार्यकर्ती रुग्णास अशा केंद्राची माहिती देऊ शकते. औषधाची निवड मात्र वैद्यानेच करावयाची असते.

पुनरुद्‌भव व जोडीदार : चामखिळी गेल्यानंतरही भोवतालच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेत व्हायरस राहू शकतो. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत त्या पुन्हा येणे हे सामान्य आहे. ते औषधाचे अपयश अथवा नव्या संबंधाचा पुरावा नव्हे. जोडीदारास चामखिळी नसल्यास औषध लावण्याची गरज नसते. मात्र त्याची तपासणी करणे चांगले. निरोधाच्या वापराने संसर्गाची शक्यता घटते, पण त्याने न झाकलेल्या त्वचेतून संसर्ग होऊ शकतो. धूम्रपान करणाऱ्यांत चामखिळी अधिक आढळतात.

चामखिळी असोत वा नसोत, स्त्रियांनी गर्भाशय ग्रीवेच्या कर्करोगासाठी ठराविक वयात तपासणी करून घेणे हितावह असते. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कर्करोगकारक पॅपिलोमा व्हायरसाची एकदाच केलेली तपासणीही या कर्करोगाने होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी करते, असे दिसून आले.

प्रतिबंध : ६, ११, १६ व १८ या चार प्रकारांविरुद्धची लस अमेरिकेत २००६ मध्ये उपलब्ध झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेने तयार केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या चार प्रकारांवरील भारतीय लशीस २०२२ मध्ये अनुमती मिळाली. नऊ ते चौदा वर्षे वयात तिच्या दोन व पंधरा ते सव्वीस वर्षे वयात तीन मात्रा देतात. ती मुली व मुले दोघांनाही देता येते. लैंगिक संबंध सुरू होण्यापूर्वी दिल्यास तिचा सर्वाधिक लाभ होतो. तिच्यामुळे चामखिळी व गर्भाशय ग्रीवेचा कर्करोग या दोहोंपासून मोठ्या प्रमाणात संरक्षण मिळते. आधीच झालेली चामखीळ मात्र लशीने बरी होत नाही. तिच्यासाठी वर वर्णिलेले उपचारच करावे लागतात.